लस टोचत नसलो तरी कार्ड बघायला हवं : फॅमिली डॉक्टर, सिस्टर आणि पालक, सगळ्यांसाठी धागा

कृष्णाकाठची डॉक्टर
रविवार, रात्री १०.१५

मी कृष्णाकाठी, साखर पट्ट्यातल्या एका मोठ्या गावात २७ वर्षं दवाखाना चालवते. तज्ज्ञ नाही, साधी एमबीबीएस. गेल्या पंधरवड्यात जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

अडीच वर्षांचा मुलगा आला. चार दिवस ताप, डोळे लाल, नाक गळतंय. सकाळी कानामागे उठलेलं पुरळ दुपारपर्यंत छातीवर उतरलेलं. गालाच्या आतून बघितलं तर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके अजून दिसत होते, गोवराची खूण. आईबाप बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला आलेले, फडाशेजारी कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणारे. लसीचं कार्ड विचारलं. आई म्हणाली, "कार्ड गावाकडं ऱ्हायलं, बाई." बापाने गावी फोन लावला, चुलतभावाने कार्डाचा फोटो पाठवला. गोवर-रुबेलाचा ९ महिन्यांचा डोस झालेला. १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस, चौकट कोरी.

मग मी जुने केस पेपर काढले. मागच्या हंगामात हाच मुलगा माझ्याकडे तीनदा येऊन गेला होता. खोकला, जुलाब, परत खोकला. त्या वेळी तो १६ ते २१ महिन्यांचा, म्हणजे नेमका त्या डोसाच्या वयातला. तिन्ही वेळा मी वजन लिहिलंय, औषध लिहिलंय. कार्डाबद्दल एक शब्द नाही. उपकेंद्र माझ्या दवाखान्यापासून पाच मिनिटांवर आहे.

उन्हाळ्यात ही मंडळी गावी परतली, तेव्हा कुणीतरी त्यांना "आता दोन वर्षं होऊन गेली, वय निघून गेलं" असं सांगितलं. ते चूक होतं. गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस सरकारी कार्यक्रमात ५ वर्षांपर्यंत देता येतो. पण ते चूक आहे हे त्यांना कोण सांगणार होतं? मीच ना?

मुलाला व्हिटॅमिन ए दिलं, २ लाख युनिट त्या दिवशी आणि २ लाख दुसऱ्या दिवशी. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच संध्याकाळी फोन केला, दुसऱ्या दिवशी रक्ताचा नमुना गेला. मूल आता बरं आहे, खातंय. कोपीतली बाकीची मुलं किती, त्यांची कार्डं कुठे, हा शोध सुरू आहे.

मी लसी ठेवत नाही. सुरुवातीला ठेवत होते. मग भारनियमनाचे दिवस आले, आठ आठ तास वीज नाही, आणि घरगुती फ्रिजवर माझा विश्वास उरला नाही. त्यात एकदा उलटंच झालं. वीज आल्यावर फ्रिज इतका गार पडला की मागच्या बाजूला लागलेल्या बाटल्यांत बर्फाचे कण दिसले. लस जितकी गार तितकी चांगली, असा पुष्कळांचा समज असतो. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी, पीसीव्ही या लसी एकदा गोठल्या की कामातून गेल्या. बाटलीवरचा व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा, चौकोन उष्णतेने रंग बदलतो, गोठल्याचं तो काहीच सांगत नाही. तो सगळा साठा टाकला आणि ठरवलं की लसीसाठी सगळ्यांना उपकेंद्रात पाठवायचं. निर्णय बरोबरच होता. पण "आपण लस देत नाही" याचं हळूहळू "लस आपला विषय नाही" कधी झालं, ते मला कळलं नाही.

या पंधरवड्यात वेळापत्रक नव्याने वाचून काढलं. मी शिकले तेव्हाचं आणि आजचं यात किती फरक पडलाय, ते लिहिते. माझ्यासारखे अजून असतील.

त्रिगुणीची, म्हणजे डीपीटीची, जागा पहिल्या वर्षात पेंटाव्हॅलंटने घेतली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू), पाचही एका सुईत, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. डीपीटी राहिली ती बूस्टरपुरती, १६ ते २४ महिन्यांत आणि मग ५ ते ६ वर्षांत. तोंडातून द्यायच्या पोलिओच्या थेंबांतला टाइप २ विषाणू एप्रिल २०१६ मध्ये काढला. त्याची उणीव भरून काढायला हातात कातडीच्या आत द्यायची आयपीव्ही, म्हणजे सुईने द्यायची पोलिओची लस, आली, ०.१ मिली, दीड आणि साडेतीन महिन्यांना. जानेवारी २०२३ पासून ९ महिन्यांना तिचा तिसरा डोसही आहे. हा तिसरा डोस मला माहीतच नव्हता. रोटाचे, म्हणजे जुलाबाविरुद्धचे, थेंब तीन वेळा. न्यूमोनियाची पीसीव्ही दीड महिना, साडेतीन महिने, मग ९ महिन्यांना बूस्टर. आणि टीटी आता टीटी राहिलं नाही, टीडी झालं, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही अंश. गरोदरपणात तेच, १० आणि १६ व्या वर्षी तेच.

माझा प्रश्न इतकाच : जे फॅमिली डॉक्टर स्वतः लस देत नाहीत, ते रोजच्या गर्दीत कार्ड बघायचं कसं जमवतात? सिस्टर, आशाताई, बालरोगतज्ज्ञ, पालक, सगळ्यांनी लिहा.

---

उपकेंद्रातली सिस्टर
रविवार, रात्री ११.०२

मॅडम, तुम्ही हे लिहिलंत म्हणून तुमचे आभार. १९ वर्षं एएनएम आहे. आमच्याकडून हे कसं दिसतं ते सांगते, राग मानू नका.

लसीकरण सत्राच्या दिवशी आशाताई घरोघर जाऊन बाळांना बोलावते. दहातल्या दोन आया सांगतात, "डॉक्टर म्हणाले सर्दी आहे, आज लस नको." साध्या सर्दीत, खोकल्यात, थोड्या जुलाबात, बारीक तापात लस देता येते. मूल खरंच आजारी असेल, दवाखान्यात दाखल करावं लागण्याइतकं, तर थांबायचं. आम्ही दहा वेळा समजावतो, पण गावात डॉक्टरचा एक शब्द आमच्या दहा शब्दांपेक्षा जड असतो. आई परत जाते. पुढचं सत्र महिन्याने. तेव्हा तिची मजुरी बुडते, मग ती येत नाही. तिथून गळती सुरू.

दुसरं, "तारीख चुकली, आता पहिल्यापासून सुरू करा." नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. दोन डोसांत किमान ४ आठवड्यांचं अंतर हवं एवढंच. जास्त झालं तरी आधीचे डोस वाया जात नाहीत.

तिसरं, कुठली लस कुठल्या वयापर्यंत देता येते हे डॉक्टरांनी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावं. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, १ वर्षापर्यंत. रोटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस १ वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा, तसंच पेंटाचं. वर्ष उलटून पेंटा सुरूच झाली नसेल तर डीपीटी द्यायची, ती ७ वर्षांपर्यंत चालते. पोलिओचे थेंब ५ वर्षांपर्यंत. एमआरचं, म्हणजे गोवर-रुबेलाचं, तुम्ही लिहिलंच आहे.

आणि बीसीजीचा व्रण उठला नाही म्हणून परत टोचायला पाठवू नका, त्याची गरज नसते. महिन्याला दोन तरी आया अशा चिठ्ठ्या घेऊन येतात.

आम्ही प्रत्येक आईला चार गोष्टी सांगतो. आज कुठली लस दिली आणि ती कशासाठी, त्याने काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा, येताना घेऊन या. चौथी गोष्ट तुमच्या दवाखान्यातही सांगितलीत, तर आमचं निम्मं काम होईल.

---

चिमणीची आई
सोमवार, सकाळी ८.३०

मी पुण्यात राहते, मुलगी तीन महिन्यांची. दीड महिन्याला सरकारी दवाखान्यात गेलो तर एकाच दिवशी तीन सुया आणि दोन प्रकारचे थेंब. ती इतकी रडली की मीही रडले. रात्री तापली. सासूबाई म्हणतात पुढच्या वेळी खाजगीत जाऊ, तिथे न दुखणारी लस मिळते. ही न दुखणारी लस खरंच तितकीच चांगली असते का? आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, तुमची इच्छा. मला इच्छा नको होती, उत्तर हवं होतं.

---

गोदाकाठचा बालडॉक्टर
सोमवार, दुपारी २.४५

@चिमणीची आई, उत्तर देतो.

तीन सुया म्हणजे डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, उजव्या दंडावर आयपीव्ही. थेंब पोलिओचे आणि रोटाचे. एकाच दिवशी दिल्याने शरीरावर भार पडत नाही, बाळ रोजच याहून कितीतरी जास्त जंतूंशी सामना करतं. वेगवेगळ्या दिवशी दिल्या तर रडणं तेवढंच, फेऱ्या मात्र वाढतात, आणि एखादी राहून जाते. टोचताना किंवा टोचून झाल्या झाल्या अंगावर घ्या, पाजा.

न दुखणारी म्हणतात ती डांग्या खोकल्याच्या जंतूचा फक्त शुद्ध केलेला अंश असलेली लस. दुखणारी ती पूर्ण पेशीची. पूर्ण पेशीच्या लसीने ताप आणि सूज जास्त येते, हे खरं. पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण तिने जास्त काळ टिकतं, हेही तितकंच खरं. म्हणून पहिल्या तीन डोसांसाठी बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा पूर्ण पेशीचीच सुचवते. आधीच्या डोसाला मोठी प्रतिक्रिया आली असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या मुलीला एक रात्र ताप आला, ती मोठी प्रतिक्रिया नव्हे. वजनानुसार पॅरासिटामॉल द्या, टोचलेल्या जागी चोळू नका, काही लावू नका. सरकारीत सुरू आहे तेच चालू ठेवा. अडीच महिन्यांचा डोस अजून झाला नसेल तर या आठवड्यातच जा. त्या फेरीत सुई एकच असते, पेंटाची.

खाजगीत जायचं तर जे सरकारी कार्यक्रमात नाही त्यासाठी जा. टायफॉइडची कॉन्जुगेट लस ६ महिन्यांनंतर, फ्लूची ६ महिन्यांपासून दरवर्षी, कांजिण्या, कावीळ ए. आणि गालगुंड. सरकारी एमआरमध्ये गालगुंड नाही, खाजगी एमएमआरमध्ये आहे. फॅमिली डॉक्टरांनी हा फरक पालकांना सांगावा, कारण "एमआर झाली म्हणजे एमएमआर झाली" असं धरून चालणारे मी रोज बघतो.

मूळ धाग्याबद्दल एक. गोवराच्या दुसऱ्या डोसाला आपण सगळे सवयीने बूस्टर म्हणतो आणि तिथेच चुकतो. बूस्टर म्हटलं की वाटतं, पहिला झालाय, दुसरा थोडा उशिरा चालेल. ९ महिन्यांना दिलेल्या डोसाने साधारण ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळतं, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं त्या वयात काही बाळांत अजून उरलेली असतात आणि लस रुजू देत नाहीत. उरलेल्या १५ जणांसाठी दुसरा डोस हाच खरा पहिला डोस असतो. ते १५ कोण, हे कुणालाच बघून सांगता येत नाही. गोवर इतका पसरतो की एका रुग्णापासून लस नसलेल्या १२ ते १८ जणांना होऊ शकतो. तो थांबवायला ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस लागतात. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे काय झालं ते आपण पाहिलं. मुलं गेली. त्या वेळी ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला, आणि काही ठिकाणी ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही.

---

रोजची_ओपीडी
सोमवार, रात्री ९.१०

डॉक्टर मॅडम, तुमची कळकळ पोहोचली. पण खरं सांगतो, पावसाळ्यात माझ्याकडे दिवसाला ८० पेशंट असतात. मदतीला एक कंपाउंडर. मूल तापाने फणफणलेलं, आई घाबरलेली, बाहेर रांग. त्यात कार्ड विचारायचं, आणि ते घरी असणार हे माहीत असताना विचारायचं? आणि समजा डोस राहिलेला दिसला, मी करू काय? सत्र महिन्यातून एकदा. तोवर आई विसरते. लसीकरण हे सरकारी यंत्रणेचं काम आहे, त्यासाठी माणसं नेमली आहेत. आमच्यावर आधीच क्षयरुग्णाची नोंद कळवण्याची सक्ती आहे, डेंग्यूची आहे. प्रत्येक गोष्ट फॅमिली डॉक्टरवर टाकून कसं चालेल?

---

कृष्णाकाठची डॉक्टर
सोमवार, रात्री १०.२०

@रोजची_ओपीडी, तुमचा प्रश्न मनापासूनचा आहे आणि अवघडही आहे. महिनाभरापूर्वी मीही हेच म्हणाले असते.

पण एक बघा. तो मुलगा एका हंगामात माझ्याकडे तीनदा आला. उपकेंद्राच्या सत्राला एकदाही नाही. सरकारी यंत्रणा त्याच्यापर्यंत पोहोचली नाही कारण तिच्या यादीत तो बीडचा, आणि राहायला इथे. माझ्यापर्यंत मात्र तो स्वतः चालत आला. कुठल्याच यादीत नसलेली मुलं आपल्या बाकावर बसलेली असतात.

वेळेचं म्हणाल तर गेले दहा दिवस मी असं करतेय. पाच वर्षांखालच्या मुलाचं वजन कंपाउंडर करतो, तेव्हाच तो विचारतो, कार्ड आणलंय का, मोबाइलमध्ये फोटो आहे का. नसेल तर केस पेपरवर लाल पेनाने "कार्ड नाही" लिहितो. पुढच्या खेपेला आई आपणहून कार्ड घेऊन येते, कारण पहिल्या खेपेला कुणी विचारलं हे तिच्या लक्षात राहिलेलं असतं. माझा वेळ जातो तो फक्त कोऱ्या चौकटीवर बोट ठेवण्यापुरता. कारणाची चिठ्ठी लिहिते : "एमआर २ राहिला आहे, द्यावा." सिस्टरचा नंबर चिठ्ठीवर असतो.

सत्र महिन्याने, हे खरंच अडतं. उपकेंद्रातली सिस्टर यावर काही सांगतील का?

---

उपकेंद्रातली सिस्टर
मंगळवार, सकाळी ७.१५

गावातलं सत्र महिन्याने असलं तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी लसीकरण असतं, ग्रामीण रुग्णालयातही. मूल कुठल्याही गावचं असो, लस कुठेही मिळते. आधार नाही, रेशनकार्ड नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नसतं.

एमआरची बाटली एकदा पाणी घालून तयार केली की ४ तासांत वापरायची, उरलेली टाकायची. बीसीजीचंही तसंच. पेंटा, टीडी, पीसीव्ही, आयपीव्ही या उघडल्यावर नीट ठेवल्या तर २८ दिवस चालतात, यांचं टेन्शन नसतं. एमआरच्या बाबतीत पूर्वी काही ठिकाणी चार-पाच मुलं जमेपर्यंत आईला थांबवायचे किंवा उद्या या म्हणायचे. सूचना स्पष्ट आहे, एका मुलासाठीसुद्धा बाटली उघडायची. कुणी परत पाठवलं तर डॉक्टरांनी आम्हाला फोन करून विचारावं. विचारलेलं आम्हाला आवडतं.

युविनमध्ये, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद असेल तर कार्ड हरवलं तरी मोबाइल नंबरवरून सापडतं. पण तोडणीवाल्या लोकांचा नंबर दर हंगामाला बदलतो, म्हणून कागदी कार्डाला पर्याय नाही. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देते.

---

परसातली तुळस
मंगळवार, दुपारी ४.००

माझं वय ७६. मी डॉक्टर नाही, तरी लिहिते. आमच्या लहानपणी गोवर आली म्हणजे अंगावर आलंय म्हणायचे. उंबऱ्याला कडुनिंबाचा डहाळा, खोलीत अंधार, तेला-तुपाचं बंद, मुलाला पेजेवर ठेवायचं. औषध द्यायचं नाही, नाहीतर आत जिरते. माझ्या पाठच्या भावाला ती चौथ्या वर्षी आली. अंगावरची गेली, डोळ्यात फूल पडलं. उजवा डोळा गेला तो गेलाच. आयुष्यभर तो माणसाशी बोलताना मान वळवून बघायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला.

डॉक्टरबाईंनी लिहिलंय की मुलाला व्हिटॅमिन ए दिलं. ते डोळ्यासाठीच का? इतकं साधं औषध होतं का ते?

---

गोदाकाठचा बालडॉक्टर
मंगळवार, संध्याकाळी ६.३०

@परसातली तुळस, आजी, हो. गोवरात शरीरातलं अ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं आणि बुबुळावर व्रण पडतो. दोन दिवस लागोपाठ एक-एक डोस, ६ महिन्यांखाली ५० हजार युनिट, ६ ते ११ महिने १ लाख, वर्षापुढे २ लाख. डोळे वाचतात, न्यूमोनियाने होणारे मृत्यूही कमी होतात. आणि खाणं बंद करायचं नाही, उलट वाढवायचं. तुमच्या आई-वडिलांनी त्या काळी जे माहीत होतं ते मायेनेच केलं.

फॅमिली डॉक्टरांना विनंती, ही बाटली दवाखान्यात नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळवा. ताप आणि पुरळ एवढं दिसलं तरी कळवा, खात्री होईपर्यंत थांबू नका. पुरळ उठल्यापासून २८ दिवसांपर्यंत रक्ताचा नमुना घेता येतो. १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तरी त्याच दिवशी कळवायचं, कारण शौचाचे दोन नमुने १४ दिवसांच्या आत जावे लागतात. देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. तो शेवटचाच राहावा म्हणून हे अजूनही चालू आहे.

---

मांडवीकाठी
मंगळवार, रात्री ८.४०

गोव्यातून. आमच्याकडे गोवर-रुबेलाची मोठी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्येच झाली, महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. मी शाळेत शिक्षिका आहे, त्या मोहिमेत पालकांच्या शंका सगळ्यात आधी आमच्याकडे यायच्या, आणि आम्ही त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवायचो. ते "द्या" म्हणाले की संमतीपत्र दुसऱ्या दिवशी हातात.

विषय थोडा वेगळा आहे, तरी विचारते. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. तरीही कुत्रा चावला की आमच्या शाळेतल्या पालकांना अजून पोटातली १४ इंजेक्शनं आठवतात आणि ते हळद-चुना लावून घरीच बसतात. आज नेमकं काय करायचं असतं?

---

कृष्णाकाठची डॉक्टर
मंगळवार, रात्री ९.५५

@मांडवीकाठी, विषय वेगळा नाही, हेही लसीचंच आहे. पोटातली इंजेक्शनं कधीचीच बंद झाली.

आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून १५, कारण माणसं दोन मिनिटांत उठतात. हळद, चुना, मिरची काही नाही. मग लस. सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर कातडीच्या आत ०.१ मिली, त्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४, २८. कातडी फाटून रक्त आलं असेल, किंवा डोळ्याला, तोंडाला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, जखमेत आणि जखमेभोवती भरावंच लागतं. तिथेच लोक चुकतात, आणि आम्ही डॉक्टरही. लस सुरू केली की काम झालं असं वाटतं, पण लसीची प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात आणि मधल्या काळात जखमेत काहीच नसतं. ते पहिल्या दिवशी मिळालं नाही तर पहिल्या लसीपासून ७ दिवसांपर्यंत देता येतं, म्हणून दुसऱ्या गावाला पाठवावं लागलं तरी पाठवायचं. आधी पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा चावलं तर ० आणि ३, दोनच दिवस, इम्युनोग्लोब्युलिन नको.

---

टेम्सकाठची वैद्य
बुधवार, पहाटे ३.२०

मूळची साताऱ्याची, इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आहे. इथे प्रत्येक जीपीकडे आपल्या नोंदलेल्या मुलांची यादी असते, राहिलेल्या डोसाची मुलं संगणक दाखवतो आणि पत्र, फोन जातात. तरीही गळती आहे, गोवराच्या साथी इथेही येतात. म्हणजे नुसत्या यादीने भागत नाही, कुणीतरी विचारावंच लागतं.

भारतातून इथे येणाऱ्या कुटुंबांसाठी एक कामाची गोष्ट. पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस इथे मोजत नाहीत. त्यामुळे तुमच्या मुलाचा ९ महिन्यांचा एमआर झालेला असला तरी वर्षापुढचे दोन डोस पूर्ण आहेत का ते बघतात, आणि गालगुंडाचाही समावेश असलेली लस देतात. इथले पालक "दोन्ही झालेत" म्हणून वाद घालतात, नर्सला ते कार्ड वाचता येत नाही, कारण आपलं माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत. आमच्या भागात अशी कार्डं माझ्याकडे येतात. दीड वर्षांपूर्वी एक कार्ड आलं, त्यावर सिस्टरने प्रत्येक चौकटीत तारीख, बॅच नंबर, सही, सगळं सुवाच्य लिहिलेलं होतं. मी ते आमच्या सगळ्या स्टाफला दाखवलं. परदेशी निघताना कार्डाची मूळ प्रत हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

---

रोजची_ओपीडी
बुधवार, रात्री ९.३०

मॅडम, परवाच्या तुमच्या उत्तरानंतर आज करून बघितलं. पाच वर्षांखालची २१ मुलं आली. कार्ड किंवा फोटो ६ जणांकडे. त्या सहातल्या दोघांचा एमआरचा दुसरा डोस आणि डीपीटी बूस्टर राहिलेला. दोन्ही घरं माझ्याकडे पिढीजात येणारी, शिकलेली. तोडणीवाली नव्हेत. मूल चालायला लागलं, आजारी पडेनासं झालं, मग कार्ड कपाटात गेलं, असं एका आईने सांगितलं.

एक विचारायचं होतं. वडीलधाऱ्या पेशंटांचं तुम्ही काय करता? मधुमेह आहे, दमा आहे, दर पावसाळ्यात छाती भरते. त्यांना तर कार्डच नाही.

---

गोदाकाठचा बालडॉक्टर
बुधवार, रात्री १०.०५

मोठ्यांचं माझं क्षेत्र नाही, पण घरातल्या बाळासाठी मी आजी-आजोबांनाही विचारतो, म्हणून थोडक्यात. फ्लूची लस दरवर्षी, आपल्याकडे पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये दिलेली बरी, कारण आपली मोठी साथ पावसात येते. न्यूमोनियाच्या न्यूमोकोकल लसींत कॉन्जुगेट, म्हणजे पीसीव्ही, आधी, जंतूच्या २३ प्रकारांवरची नंतर, साधारण वर्षाने. नव्या २० प्रकारांच्या कॉन्जुगेटनंतर दुसरी लागत नाही. आणि आपल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं, सफाई करणाऱ्या ताईंचं हिपॅटायटिस बी झालंय का, ते आजच विचारा. सुई त्यांनाच लागते.

---

कृष्णाकाठची डॉक्टर
शनिवार, रात्री ८.५०

रिपोर्ट आला, गोवरच. कोपीतल्या आणखी एका मुलीला पुरळ आलंय, तिला व्हिटॅमिन ए सुरू केलं, तिचाही नमुना गेला.

आज सकाळी फडावर सत्र झालं. उपकेंद्रातून सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी आले, आशाताईने आदल्या संध्याकाळी कोपी कोपी फिरून यादी केली होती. बाया पहाटे चारला तोडीला जातात, म्हणून सत्र दहाला न ठेवता अकराला, गाडी भरून झाल्यावर ठेवलं. लसीचा डबा बाभळीच्या सावलीत. एका आजीने नातवाला लपवून ठेवलं होतं, तो शेवटी स्वतःच बाहेर आला. टोचून झाल्यावर अर्धा तास सगळ्यांना बसवून ठेवलं, तेवढ्यात मी मोठ्यांचे रक्तदाब मोजले. तिघांचे चांगलेच वाढलेले निघाले, त्यांना सोमवारी दवाखान्यात बोलावलंय.

राहिलेले पेंटाचे आणि पोलिओचे पुढचे डोस ४ आठवड्यांनी. तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असेल, कदाचित नदीपलीकडे. मुकादमाला तारीख सांगितली. त्याने खिशातली वही काढली, ज्यात कुणाची किती उचल ते लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या पानावर तारीख आणि सिस्टरचा नंबर लिहून घेतला. टोळी कुठेही असली तरी आदल्या दिवशी फोन करतो म्हणालाय.